मिश्री आणि स्क्रूचा दात

माझ्या उजव्या बाजूला दाढा नाहीत. डावीकडे खाली दोन होत्या, त्याही हाडात स्क्रू पिळून बसवलेल्या. त्या बसवायच्या आधी दोन वर्षं मी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, तान्ह्या पोरासारखी. मग मुलाने बीडला नेऊन त्या बसवून दिल्या.

बसवणाऱ्या डॉक्टरने रोज घासायला सांगितलं होतं. मी ठरवलं, लोखंडाला कीड लागत नाही, घासायचं कशाला? उलट सकाळ-संध्याकाळ तिथे मिश्री चोळली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरड्यांना लावायची. आमच्याकडे बायका लग्नाआधीपासून लावतात. हिरडी घट्ट होते, असं आई सांगायची. साठीत तिच्या तोंडात एक दात नव्हता, पण ते कधी माझ्या ध्यानात आलं नाही.

चार वर्षांनी पुढची दाढ लांब दिसायला लागली. मला वाटलं, चांगली रुजली. जीभ लावली की खाली आटे लागायचे, बोअरच्या पाइपाला असतात तसे. पुढे हिरडी दाबली की पू यायला लागला. दुखत नव्हतं म्हणून गप्प राहिले. वास मात्र सुनेला आला.

"आत्याबाई, कावून लपविलं? उंदीर मेल्यावाणी वास येतोय."

"तू कावून एवढी जवळ येतीस?"

"ताट काय लांबून फेकू?"

दुसऱ्या दिवशी तिने मला एसटीने बीडला नेलं. ही डॉक्टरीण फक्त हिरड्यांची. तिने खुणा असलेली बारीक सळई दाढेच्या कडेने आत सोडली. जिथे थांबायला हवी होती तिथे ती थांबलीच नाही. फोटोत स्क्रूभोवतीचं हाड खड्ड्यासारखं खचलेलं दिसलं.

"मागची हलतेय, ती काढावीच लागेल," ती म्हणाली. "पुढचीला निम्मं हाड आहे. हिरडी उघडून साफ करू, हाडाची भुकटी भरू, टाळूची थोडी कातडी घेऊन वर शिवू. पण मिश्री लावणाऱ्या तोंडात ती कातडी धरत नाही."

"मी न्हाई लावत आता," मी म्हणाले.

तिने कापूस घेतला, माझ्या हिरडीवरून फिरवला आणि माझ्यापुढे धरला. काळा कुट्ट.

सून म्हणाली, "आत्याबाई, तुमी कोर्टात उभ्या ऱ्हायलात तर पैल्याच तारखेला आत जाताल."

डॉक्टरीण हसली नाही. "आजी, महिनाभर सोडून दाखवा. नाहीतर दोन्ही काढते."

दोन्ही गेल्या असत्या तर पुन्हा दूध-भाकरी. ते मला नको होतं, म्हणून सोडली. पहिले आठ दिवस पोट साफ झालं नाही. मिश्रीशिवाय कुणाही बाईचं होत नाही. सुनेला कारण नसताना शिव्या दिल्या, तिनेही फिरून दिल्या. शेजारणी म्हणायच्या, "एका चिमटीनं काय होतंय?" मी उठून घरात जायची. बडीशेप चघळायची.

महिन्याने पुन्हा कापूस फिरला. पांढरा निघाला. मागची दाढ लगेच निघाली, भिजलेल्या मातीतून खुंटी यावी तशी. पुढचीवर दोन तास काम चाललं. हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखला. दोन आठवडे कण्या खाल्ल्या. मग बाटली धुवायच्या ब्रशासारखा एक बारका ब्रश मिळाला. तो दाढेच्या दोन्ही कडांनी रोज फिरवायचा. फिरवते.

सहा महिन्यांनी सळई पुन्हा आत गेली आणि लवकर थांबली. रक्त नाही, पू नाही.

"पहिल्यासारखी हिरडी वर येणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "आहे ती टिकवा. दर तीन महिन्यांनी दाखवायचं."

"वाहून गेलेली माती कुठं परत येती बाई? ऱ्हायली तिला बांध घालायचा."

"चावा आता."

तेव्हा शेतात हुरडा आला होता. सुनेने कणसं भाजून हातावर चोळून दिली. मी डावीकडे घेऊन एकेक दाणा चावला. सगळ्यांचं झालं तरी माझं चाललं होतं.

"आत्याबाई, उठायचं का मुक्काम करायचा?"

"तू जा पुढं," मी म्हणाले आणि आणखी एक कणीस मागितलं.