शेवटच्या नावामागची रेघ

कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे जोडकाका म्हणत. सुटे तपशील जोडून त्यांचा एक कागद काढणं हेच त्यांचं काम. काही बरंवाईट झालं तर कोणाला फोन करायचा, त्याचा तक्ता ते दर वर्षी छापत. प्रत्येकासमोर त्याच्या माणसांची नावं एका ओळीत, मध्ये उभी रेघ.

प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, जुना. यादीतलं एक नाव घ्यायचं, मागे रेघ चिकटवायची, मग पुढचं घ्यायचं. त्यामुळे शेवटच्या नावामागेही रेघ लोंबकळत राही. स्टोअरवाल्या बाई दर वर्षी विचारत, अजून कोणी यायचंय का, काका? काका हसून वेळ मारून नेत. त्यांच्या ओळीत एकच नाव होतं, थोरल्या बहिणीचं, ताईचं. त्यामागची रेघ त्यांना बरी वाटे. कोणासाठी तरी खुर्ची ओढून ठेवल्यासारखी.

ताई जाऊन सात महिने झाले, तरी नाव तिथेच होतं. आता नव्या साहेबांनी बजावलं: ही लोंबती रेघ काढा, प्रत्येक नंबर लावून बघा, संध्याकाळी तक्ता भिंतीवर हवा.

काकांनी मन घट्ट केलं. प्रोग्राममधल्या जुन्या आठ ओळी पुसून एकच लिहिली. अख्खी यादी एकदम जोडणारी, रेघ फक्त दोन नावांच्या मध्ये घालणारी. ही सोय त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. मग एकेक नंबर लावत ते ताईच्या नंबरापाशी आले. तिथे आता कोणा परक्या माणसाने फोन उचलला. माफी मागून काकांनी फोन ठेवला आणि नाव काढलं.

तक्ता छापून आला. सगळ्यांच्या ओळी नीटनेटक्या, काकांसमोर कोरं. रिकाम्या यादीतून रिकामी ओळ. प्रोग्रामने कुरकुरही केली नाही.

तक्ता लावायला आलेल्या बाई तिथेच थबकल्या. प्रोग्रामच चुकला असेल, उद्या बघतो, असं काका पुटपुटले. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"ताई कधी गेल्या?"

"झाले सात महिने."

"आणि रोज शेजारी बसून डबा खातो आपण." बाईंनी तक्ता परत काकांच्या हातात दिला. "माझा नंबर घाला. कानाने कमी ऐकू येतं, दोनदा लावायला सांगा."

काकांनी घातला. तक्ता पुन्हा छापला. एकच नाव, मागे काही नाही.

घरी येऊन त्यांनी कुलूप उघडलं, दिवा लावला. बाईंच्या कानाची गोष्ट ऐकून ताई पोट धरून हसली असती. सवयीने त्यांचा हात फोनकडे गेला, आणि तिथेच राहिला.