काठी कोणाच्या हातात होती

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, मुलींना नाही, आणि ज्या सासूनं माझं कौतुक केलं तिला तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे. सांगताना आवाज चढेल माझा, चढू द्या. राग आहेच. कोणावर आहे, ते पुढे कळेल.

माझं माहेर चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातलं. वडील शेतकरी, पण जीव नदीवर. आठ वर्षांची असताना त्यांनी मला गळ टाकायला शिकवलं — ज्वारीच्या धांड्याचा तरंगा, गांडुळाचा तुकडा, आणि आपली सावली पाण्यावर पडू न देता बसणं. तरंगा बुडतो, काठीला हिसका बसतो — त्या वेळी हातात जे येतं, ते कसं सांगू? पुढे संसार झाला, लेकरं झाली. त्यातून तसं काही कधी हाताला लागलं नाही.

लग्न होऊन तेल्हाऱ्याकडे गेले. सासर महानुभाव पंथाचं, उपदेश घेतलेलं. तिथं मासा हा शब्दही तोंडातून काढायची सोय नव्हती. आमच्याकडे काय शिजतं ते वडिलांनी लग्न ठरवताना सांगितलंच नव्हतं, आणि मीही गप्प राहिले.

आमच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून नाला होता, त्यात एक डोह. कौसल्या आमच्या कपाशीत निंदायला यायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून तिच्या नवऱ्यानं गावची मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं. ते घर गावाच्या डोळ्यांत सलत होतं. दुपारच्या सुट्टीत ती डोहावर गळ टाकून बसायची, संध्याकाळच्या कालवणापुरता मासा धरायला. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, दोर थोडा लांब सोड, मासा खाली आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काठी माझ्या हातात दिली.

दोन पावसाळे असंच चाललं. धरायची मी, न्यायची ती. मी एकही मासा खाल्ला नाही — आणि याचं मला समाधान वाटायचं, बघा! आपण स्वच्छ आहोत असं वाटायचं.

भादव्यातली दुपार होती. काठाशी एक मोठी मरळ वर आली. घाईघाईनं आमिष लावायला गेले आणि गळ माझ्याच डाव्या अंगठ्यात घुसला, उलट्या काट्यासकट. निघेना. कौसल्येनं दोर तोडला, पदरानं रक्त पुसलं, माझ्याहून जास्त घाबरली.

घरी सासूनं हात धरून विचारलं, हे काय?

काय सांगता आलं नसतं? गंमत म्हणून काठी हातात घेतली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बोलणी बसली असती, दोन दिवस उपास घडला असता. मेले नसते मी! पण मी म्हटलं, आमच्या धुऱ्यावर जीव मारू नको असं कौसल्येला सांगितलं, तर तिनं गळ माझ्या अंगावर भिरकावला.

कोणी शिकवलं नव्हतं. एका दमात बाहेर पडलं.

आणि घरानं ते एका दमात गिळलं! अजून डोकं भडकतं ते यानं. एक प्रश्न नाही? भिरकावलेला गळ अंगठ्यात असा आतल्या बाजूनं रुततो? अर्धं गांडूळ अजून त्याला लोंबत होतं! आमच्याकडे सालानं राबणाऱ्या किसननं चाकूनं तो काढला. किसन स्वतः मासे धरायचा. त्यानं गळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सगळ्यांना असं काहीतरी हवंच होतं. मी ते आणून दिलं.

दिवस मावळायच्या आत तिला ओसरीपुढे बोलावलं. ती रडली नाही, पाया पडली नाही — त्याचाच लोकांना जास्त राग आला. सरळ म्हणाली, "म्या नाई फेकला. काठी बाईच्याच हातात होती. रोज रायते. पुसा त्याईले."

सासऱ्यांनी मला विचारलं. कौसल्या माझ्याकडे पाहत होती. विनवणी नव्हती त्या डोळ्यांत, खात्री होती. मी खरंच सांगणार, हे ती धरून चालली होती.

"खोटं बोलून राहिली," मी म्हटलं.

सासऱ्यांनी तिची काठी मोडली. तिला कोणी कामाला बोलवायचं नाही असं ठरलं, आणि गावानं ते चोख पाळलं. कापूस वेचणी लागायच्या आत ते घर अकोल्याला निघून गेलं. आणि मी? मुक्या जिवांसाठी रक्त सांडणारी सून! पाहुणे आले की सासू मला अंगठा दाखवायला लावायची. मी दाखवायची. मान खाली घालून, लाजून — शी!

सहा-सात वर्षांनी नवऱ्याबरोबर अकोल्याला दवाखान्यात गेले होते. कापसाची सरकी काढायच्या एका जिनाच्या फाटकाशी कामावरच्या बाया उभ्या होत्या. त्यांच्यातून कौसल्या निघाली आणि थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. शिव्या देईल, चारचौघांत ओरडेल, असं वाटलं. तिनं आवाजही चढवला नाही.

"बाई, काहून केलं तसं?"

नवरा चार पावलं पुढे गेला होता. मी म्हटलं, "कोण तू? मी नाही ओळखत तुले."

ती मग वळली आणि बायांमध्ये परत गेली. नवऱ्यानं विचारलं, कोण होती. असंन कोणी वेडी, मी म्हटलं.

सासू तोवर वारली होती. नवरा रागीट माणूस नव्हता. त्या फाटकाशी मला कोणाचीच भीती नव्हती.