पाठमोरी शिक्षा

आमच्या घरमालकांइतका कडक न्यायाधीश मेहकरच्या कोर्टातही बसला नसेल. भाजीवाल्याने मापात मारलं तर काकाजी हसून सोडतील. पण एखाद्या नटाने बायकोवर हात उचलल्याचं पेपरात आलं, की शिक्षा ठरलेली. म्हणजे सिनेमा बंद, असं मुळीच नाही हं! गुन्हा नटाचा असेल तर टीव्हीकडे पाठ करून नुसतं ऐकायचं, गायकाचा असेल तर आवाज बंद करून नुसतं बघायचं. एकदा नट आणि गायक दोघेही दोषी निघाले. तेव्हा हे गृहस्थ आवाज बंद ठेवून, टीव्हीकडे पाठ करून अख्खं गाणं बसून होते. मी म्हटलं, मग उठाच ना काकाजी. तर म्हणाले, संगीतकारानं काय गुन्हा केला? मी पडलो भाडेकरू!

काकू गेल्यावर गल्लीतल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने रेशनकार्डावरच्या पुसट फोटोवरून त्यांचं चित्र काढून दिलं होतं. काकाजींचा सगळा जीव त्या चित्रात. गेल्या वर्षी त्याच पेंटरची बायको सुजलेलं तोंड घेऊन आमच्या अंगणात आली. काकाजी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले, तिला माहेरच्या एसटीत बसवून दिलं, आणि घरी येऊन काकूंचं चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलं. नियम म्हणजे नियम! मग रोज सकाळी दिवा लावायचा तो चित्राच्या पाठीला. टीव्ही लागेना, जेवण उतरेना. मला फार वाईट वाटायचं, पण त्यांना सांगणार कोण?

कोर्टाच्या तारखेला आली तेव्हा ती बाई काकाजींना भेटायला आली. भिंतीकडे बघून सगळं तिच्या लक्षात आलं. शांतपणे म्हणाली, "काकाजी, मार त मले पडला. तोंड भितीकडे काकूचं काऊन केलं?"

आणि स्वतःच खुर्चीवर चढून तिने चित्र सुलटं केलं, पदराने धूळ पुसली, अन् तारखेला निघून गेली.

काकाजी चित्राजवळ गेले. चित्रात काकू डाव्या बाजूने ओठ जरासा मुडपून हसत होत्या, हुबेहूब हसायच्या तशा.

"फोटोत त हासत नोती ते," काकाजी म्हणाले. "चाळीस वर्सं संगं राहून मले हे डाव्या बाजूचं सांगता आलं नसतं. त्या हरामखोराले दिसलं कसं?"

अजूनही ते मला हेच विचारतात. त्या पेंटरची मला आजही चीड येते, आणि समोर काकू हसत असतात.