पायकेतच्या घळीतला रातबगळा

पायकेतशी वाद घालून जिंकलेला माणूस फिलिपिन्समधल्या आमच्या बेंगेटच्या डोंगरात अजून जन्माला यायचा आहे. चौसष्ट वर्षांची बाई, पण एकदा नाही म्हणाली की नाही. तिच्या भावाच्या मुलाने, लामसिसने, घरामागची झाडीची घळ तोडून तिथे कोबी लावायचं ठरवलं, तेव्हा जानेवारीच्या बैठकीत ती सरळ उभी राहिली. घळीत रातबगळा राहतोय, म्हणाली, तो जाईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही.

बाप्ये हसून हसून लोळले. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. ऑक्टोबरच्या धुक्यात खिंडीवर गॅसबत्त्या लावायच्या, जाळी उभारायची आणि उत्तरेकडून येणारे हे पक्षी धरायचे, यात सगळ्यांची हयात गेलेली. पायकेतही नवऱ्याबरोबर जाळं धरायला जायची. रात्रीचा डोक्यावरून निघून जाणारा पक्षी इथे मुक्काम कशाला करील?

"आत्या, दोनशे तरी धरलेत मी," लामसिस म्हणाला. "मला बगळा शिकवू नकोस."

शेवटी गावच्या म्हाताऱ्यांनी निकाल दिला. सोमवारच्या आत तिने पक्षी दाखवावा, नाहीतर घळीत कोबी.

पायकेतला झोंबलं ते हसणं. चार हिवाळे ती त्याला बघत होती. तिन्हीसांजेला रताळी धुवायला ओढ्यावर गेली की तो ओल्या पाचोळ्यातून गांडूळ ओढताना दिसायचा. दिवसा तो कुठे उभा असतो, हेही तिने पांढऱ्या शिटेच्या मागावर जाऊन हुडकून काढलं होतं. रविवारी दुपारी तिने लामसिसला आणि दोघा म्हाताऱ्यांना घळीत नेलं.

लामसिस फांद्यांमध्ये बघत चालला होता. पक्षी म्हटलं की मान वर, ही जाळंवाल्यांची जुनी खोड. ओढ्याकाठी तो थांबला, घाम पुसला, कुठाय तुझा पाहुणा म्हणून विचारलं आणि टोपी ठेवायला शेजारच्या हातभर उंचीच्या तपकिरी खुंटाकडे हात नेला.

खुंटाला डोळा होता. पिवळा. आभाळाकडे रोखलेली चोच त्याने हळूच खाली घेतली आणि चार पावलं बाजूला जाऊन उभा राहिला.

लामसिसचा हात टोपीसकट अधांतरीच राहिला. तो म्हणाला, "उभा असला की हा असा दिसतो?"

"तुला कसं माहीत असणार?" पायकेत म्हणाली. "तू आजवर सगळे जाळ्यात लटकलेलेच बघितलेस."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. लामसिसने मात्र हार मानली नाही. हा जातो कधी, त्याने विचारलं.

"एप्रिलात. ऑक्टोबरात परत येतो."

"मग एप्रिलात तोडतो."

पायकेत वाटेतल्या दगडावर ऐसपैस बसली.

"जाईल तो एप्रिलात," ती म्हणाली. "मी कुठे जात नाही."