एका गुंठ्याचं गवत

काटा अडीच मणांवर थांबला. मी गवताचा भारा सोडवून पुन्हा टांगला. पुन्हा अडीच मण.

"लई भरलं का, सायेब?" धोंडीबांनी विचारलं.

"एवढं या डोंगरात कुठंच भरलं नाही," मी म्हणालो.

धोंडीबा आणि त्यांची बायको सखूबाई एकमेकांकडं बघून हसले. कुरण त्यांचं होतं.

लढाईची वर्षं होती. लष्कराच्या खेचरांना गवत हवं होतं आणि त्यासाठी उघडलेल्या एका तात्पुरत्या खात्यात मी ओव्हरसियर होतो. वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांची कुरणं मोजायची आणि कुठं किती वाळलं गवत निघेल याचं एस्टिमेट द्यायचं, हे माझं काम. वाडीच्या जनावरांना पावसाळ्यापर्यंत लागेल तेवढं सोडून बाकीचं खातं उचलणार होतं. नियम वाचायला न्याय्य होता. मात्र 'बाकीचं' म्हणजे किती, हे माझ्या वहीवरून ठरत असे.

सगळा डोंगर तोलता येत नाही. म्हणून एक गुंठा साखळीनं आखायचा, त्यातलं गवत कापून ओलं वजन घ्यायचं. त्यातली एक पेंढी चार उन्हं वाळवून पुन्हा तोलायची, म्हणजे पाणी किती आणि चारा किती ते कळतं. मग कुरणाच्या क्षेत्रानं गुणायचं. गुंठा कुठं आखायचा हे मात्र माणसानं ठरवायचं नाही, कारण डोळा आपसूक चांगल्या गवताकडं जातो. ऑफिसातच चिठ्ठी काढायची आणि तीत निघतील तेवढी पावलं कुरणाच्या कोपऱ्यापासून चालायची. काटे येवोत, खडक येवो, पावलं संपतील तिथं खुंटी.

त्या दिवशी चिठ्ठीत चारशे दहा पावलं निघाली होती, सगळी उभ्या चढाची. शंभरावरच मला धाप लागली.

"तकडं कशाला मरताय? निस्ती कुसळं हायती," धोंडीबा म्हणाले. "हकडं या, झऱ्यापाशी."

कुसळी गवत पिकलं की त्याला सुया येतात, त्या जनावराच्या तोंडात रुततात. झऱ्यापाशी मात्र पवन्या गवत कमरेइतकं वाढलेलं. पावसाळाभर म्हशी तिथं बसत, शेणानं जमीन काळी झालेली. मी तिथंच खुंटी ठोकली. वहीत लिहिलं : पावले ४१०, दर्जा उत्तम. या मापाचं पुढं काय होणार, ते धोंडीबांना सांगितलं नाही. सांगावं असा नियम नव्हता.

कापणी सुरू झाली आणि आठ दिवसांत कळून चुकलं. उतारावर गुंठ्याला निम्मंही निघेना. मी किकवीला गेलो. तिथं गवत दाबून गाठी बांधत आणि आमच्या खात्याच्या साहेबांचा कॅम्प तिथंच होता. झाडाखाली टेबल, टेबलावर हिरवं कापड, त्यावर चार रंगांच्या पेन्सिली. टेबलावर गवताखेरीज सगळं होतं.

"तुमचा रिपोर्ट मी वर पाठवला," साहेब म्हणाले. "मॉडेल म्हणून."

"साहेब, प्रत्यक्षात निम्मं निघतंय."

"मग निम्मं त्यांनी लपवलं."

"डोंगरभर गवत लपवणार कुठं?"

"ते त्यांचं स्किल. तुम्ही पावलं मोजली होती ना?"

नाही म्हटलं असतं तर फार तर नोकरी गेली असती.

"हो साहेब," मी म्हणालो.

माझ्या रिपोर्टावरून 'बाकीचं' म्हणून जेवढं ठरलं होतं, तेवढं गवत डोंगरावरून उतरलं. झऱ्यापाशीचं आधी गेलं. वाडीला उरलं ते बहुतेक कुसळीचं, आणि तेही शिमग्यापर्यंत पुरेल एवढंच.

वैशाखात मी पुन्हा वाडीवर गेलो. धोंडीबांच्या अकरा म्हशींपैकी चारच उरल्या होत्या, त्यांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. सखूबाईंनी कोरा चहा दिला.

"चांदी गेली, मोरी गेली, तिचं रेडकूबी गेलं," धोंडीबा सांगत होते. "चूक आमचीच, सायेब. पाव्हणं आलं म्हून चांगलं दावलं. पाव्हण्याला फाटकी घोंगडी कोन अंथरतंय?"

"चूक तुमची नाही," मी म्हणालो. "वर चढून मोजायचं काम माझं होतं. मी चढलो नाही. आणि विचारलं तेव्हा खोटं बोललो."

सखूबाईंनी विचारलं, "मंग आता कशापायी सांगताय?"

"ऱ्हाऊ दे गं," धोंडीबा म्हणाले. "च्या निवतोय, सायेब."

त्याच आठवड्यात मी खात्याला सगळं लिहून कळवलं. माझी नोकरी गेली नाही. उत्तर एका ओळीचं आलं : नोंद घेण्यात आली आहे. उरलेल्या चार म्हशी सखूबाईंच्या भावाकडं शिवऱ्याला गेल्या. पुढच्या सुगीत धोंडीबा मला किकवीला दिसले, आमच्याच खात्यात गवताच्या गाठी दाबायच्या कामावर. त्यांनी रामराम केला.

नव्या ओव्हरसियरांना मी पुढं एवढंच सांगत असे : चूक गवत डोंगरावर असतानाच कबूल करावी. ते खाली उतरल्यावर केली, तर तिची फक्त नोंद होते.