आत्याचा सोन्याचा दात

आमची आत्या हसली की आधी तिचा दात दिसायचा. डाव्या दाढेवर सोन्याची टोपी होती, तिच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, हौसेनं बसवून दिलेली. धारला ती शिकवायची त्या शाळेतल्या मुली मागून ‘सोनेवाली बाई’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. दागिन्यांचा विषय निघाला की म्हणे, “माझा एकच. पण चोराला आधी मला हसवावं लागेल!”

दुसरं वाक्य दर सणाला, पंगत उठता उठता यायचं. “मी गेले की तोंडात सोनं घालायला धावाधाव नको. तुळशीपत्र तेवढं आणा. सोन्याची सोय ह्यांनी करून ठेवलीय.” काकांना जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी ‘ह्यांनी’ म्हणताना ती पदर सावरायची.

दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे देवासला आली आणि ताटातले बाफले तसेच राहिले. गाल सुजला होता. दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. “बुआजी, टोपी के नीचे दाढ़ सड़ गई है. टोपी निकालनी पड़ेगी, नहीं तो दाढ़ जाएगी.”

“भिया, टोपी राहू द्या. बाजूबाजूनं काय ते करा.”

“बाजू से नहीं होगा, बुआजी.”

आठवडाभर ती लवंग धरून बसली. मग मी, घरातला शहाणा, म्हणालो, “आत्या, टोपी काढतील, खालची कीड साफ करतील आणि तीच परत बसवतील.” हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. माहीत नसलेलं मी नेहमीच जास्त खात्रीनं सांगतो.

टोपी निघेना, कापावी लागली. कीड खरवडली, आतली नस साफ केली, दाढ वाचली. वर दाताच्याच रंगाची नवी टोपी बसली. जुनीचे दोन तुकडे कागदाच्या पुडीत आले. आत्यानं पुडी उघडून पाहिली, मिटली. “तू म्हणाला होतास, बाळ्या,” एवढंच बोलली.

पुढे फोनवर मलाच धीर द्यायची, “आता मुळीच दुखत नाही हो.” पण हसताना तोंडावर पदर यायला लागला.

पुडी तिनं माझ्या हाती दिली होती. “तुझ्याकडे असू दे. वेळेला घाल.” हरवू नये म्हणून मी ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. केवढं डोकं चालवलं!

आत्यानं माझ्याच घरी डोळे मिटले, रविवारी सकाळी. तुळस आली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला बँकेचं कुलूप दिसलं. शेवटी बायकोनं आपल्या माळेतला सोन्याचा मणी ओढून काढला. मी तो आत्याच्या जिभेवर ठेवला. खाली ती वाचवलेली दाढ होती, पांढरीशुभ्र.

सोमवारी बँक उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. तिसऱ्या दिवशी नेमावरला नर्मदेत अस्थी सोडल्या आणि त्यांच्यामागे पुडी उलटी केली. तुकडे पाण्यात क्षणभर चमकले, ती हसायची तेव्हा चमकायचे तेवढेच.

“आत्या,” मी म्हणालो, “दोन दिवस उशीर झाला.”