पुरवठादाराने काय करावे

साताऱ्याच्या एमआयडीसीत मी ज्या कंपनीत नोकरी करते, तिथे मेंढीच्या रक्ताला 'कच्चा माल' म्हणतात. हो, अजून तिथेच करते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझी कीव करायला नको. कंपनी प्लास्टिकच्या छोट्या ताटल्या बनवते. ताटलीत खळीसारखा थर आणि त्यात मेंढीचं रक्त. मिरजेच्या दवाखान्यात कुणाचा घसा धरला की त्याच्या घशातून फिरवलेला कापूस या ताटलीवर ओढतात आणि कोणता जंतू वाढतो ते बघतात. काम चांगलं आहे. त्यानं माणसं बरी होतात. माझा राग ताटलीवर नाही.

राग आहे तो करारावर, आणि तो करार मीच मराठीत आणला. कंपनीत मी टायपिंग करते, पत्रं लिहिते, इंग्रजीतलं मराठीत करते. रक्त पुरवणाऱ्या मेंढपाळांसाठी करार करायचा ठरला तेव्हा साहेबांनी इंग्रजी मसुदा माझ्या टेबलावर टाकला. साहेब म्हणजे खरेदी सांभाळणारा माणूस. हाताला सतत सॅनिटायझर, बोलणं गोड, मेंढी आयुष्यात फक्त ताटात बघितलेली. मसुद्यात एक आख्खं पान 'प्राणीकल्याण' या नावाचं होतं. पुरवठादाराने सावली द्यावी. पुरवठादाराने स्वच्छ पाणी द्यावे. मारहाण करू नये. लांब चालवू नये. प्रत्येक मेंढीच्या कानात नंबरचा बिल्ला असावा. एकदा रक्त दिलेल्या मेंढीला चाळीस दिवस विसावा द्यावा आणि विसावा झालेली, निरोगी मेंढीच पुढे करावी. पानभर नुसतं पुरवठादाराने, पुरवठादाराने. सुई खुपसणाऱ्याने काय करावं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी साहेबांना विचारलं, "सर, रक्त काढणाऱ्यासाठी काही नाही यात?"

"त्याच्यासाठी कशाला? मेंढ्या आपण सांभाळतो का?" ते म्हणाले. "परदेशातले गिऱ्हाईक हे पान मागतात म्हणून आहे ते. तुम्ही फक्त भाषांतर करा."

मी भाषांतर केलं. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

मग कंपनीला मेंढपाळ हवे होते, आणि मी जतच्या पलीकडची, हद्दीवरच्या गावची. आमच्याकडे आई मेंढरांशी निम्मं कानडीत बोलते. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी जन्मभर मेंढरं चालवली. दिवाळी झाली की खांड, म्हणजे अख्खा कळप, घेऊन पश्चिमेला निघायचं, बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, पावसाच्या तोंडाला परत. गुडघे गेले आणि चालणं सुटलं. घरी बसून मेंढरं सांभाळायची, रक्त नेणारी गाडी दारात येणार, हे मला सोयीचं वाटलं. आबांचं नाव मीच सुचवलं.

सहीच्या दिवशी मी गावी गेले आणि ओट्यावर बसून सगळा करार त्यांना वाचून दाखवला. आबांना सही येते, वाचन जमत नाही. मान डोलवत त्यांनी ऐकलं. मारहाण करू नये, या ओळीला ते हसले. "आमी मारतू व्हय गं मेंढराला?" इतकंच म्हणाले आणि सही केली.

बिल्ल्यांवरून पहिल्यापासून वाजलं. कंपनीच्या माणसानं पस्तीस मेंढ्यांच्या कानात पिवळे बिल्ले ठोकले, तेही ऐन पावसाळ्यात. आमच्यात मेंढराच्या कानाला खूण करतात, कान चक्क कापतात, उगाच सोवळ्याचा आव मी आणणार नाही. पण ते उन्हाळ्यात, कोकरू लहान असताना, राख भरून. पावसात कान टोचला की माशी बसते. आठवड्याभरात पाच-सहा कान चिघळले, दोघींच्या कानात अळ्या पडल्या. आबांनी पक्कड घेतली आणि एकेक बिल्ला काढला. कान धुतले, हळद भरली. बिल्ले त्यांनी सुतळीत ओवले, एक ते पस्तीस, आणि शेडच्या खांबाला टांगून ठेवले. कुठला बिल्ला कुणाचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. हजार मेंढरांत दुसऱ्याचं कोकरू घुसलं तर ओळखणारा माणूस, त्याला पस्तीस तोंडं म्हणजे काहीच नाही. आपल्याला ओळखू येतं म्हणजे जगाला ओळखू येतं, असंच त्यांना वाटलं. मेंढपाळाशिवाय ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती.

फोनवर त्यांनी मला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "आबा, करारात लिहिलंय. बिल्ले परत घाला."

"कान बरं हुंदे, मग घालतू," ते म्हणाले. मी पुढे ताणलं नाही.

रक्त काढायला दर पंधरवड्याला एक माणूस यायचा. चाळिशीचा, मिशाळ, कायम घाईत. त्याला बिल्ले सुतळीवर आहेत याचं काही वाटलं नाही. उलट सोय झाली. तो आधी सुतळीवरचे नंबर वहीत उतरवायचा, मग समोर येईल ती मेंढी धरायचा. मानेवरची लोकर कातरायची, शीर दाबायची, सुई. पावसाळ्यात तापाची साथ आली, मागणी वाढली, आणि त्याला जास्त पिशव्या भरायच्या होत्या. जी मेंढी पळते तिच्या मागे कोण लागणार? गरीब मेंढी पुढे येते, तिचंच पुन्हा काढायचं.

आमच्यात एक काळ्या तोंडाची होती. तिची आई व्याल्यावर लगेच मेली, म्हणून माझ्या आईनं तिला बाटलीवर वाढवलेली. माणूस दिसला की ती हात चाटायला यायची. पंधरा दिवसांपूर्वी तिचं रक्त काढलेलं होतं. आबांनी तसं सांगितलं.

"कशावरून?" त्या माणसानं विचारलं.

"मला ठावं हाय की."

"तुम्हाला ठाऊक असून चालत नाही, आजोबा. वही बघा. आज बावीस ते तीस नंबर आहेत, सगळ्यांना विसावा झालाय. हिचा बिल्ला कुठाय?"

आबांनी तिची खालची पापणी ओढून दाखवली. आतली कड तांबडी असावी लागते, ती पांढरीफटक होती. तो म्हणाला, तुम्ही डॉक्टर आहात का? गाडी थांबलीय, रक्त कमी भरलं तर करार मोडेल, तुमची सही आहे. हे सगळं मला आईनं नंतर सांगितलं. ती तिथेच शेण भरत उभी होती. आबांनी मेंढीचे पाय गुडघ्यात धरले आणि तोंडावर हात ठेवला. ती हलली नाही. संध्याकाळी तिनं चारा तोंडात घेतला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. आईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

मेंढी मेली हे कळवायचं असतं, तेही करारातच होतं. आबांनी इमानदारीत कळवलं. आठ दिवसांनी साहेबांनी मला एक पत्र टाइप करायला दिलं. माझ्याच बापाला जाणारं. पुरवठादाराने बिल्ले काढून टाकले. विसावा न झालेली मेंढी पुढे केली. पुरवठादाराकडून प्राण्यास क्रूर वागणूक मिळाली. खाली असं, की पुरवठादाराने हे सर्व लेखी मान्य करावे, अन्यथा कंपनी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे तक्रार करील. क्रूर. जो माणूस पावसात स्वतः भिजून कोकरू घोंगड्यात घेतो, त्याच्या नावापुढे हा शब्द लागणार होता, आणि तोही त्याच्या सहीनं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा साहेबांना उलट बोलले. कपाटातून रक्ताची वही काढली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली. प्रत्येक वेळी नंबर ओळीनं होते. एक ते दहा, अकरा ते एकवीस, बावीस ते तीस. "मेंढरं कधी नंबरानं रांगेत उभी राहतात का, सर?" मी म्हणाले. "तुमच्या माणसानं मेंढीकडं बघितलंच नाही. सुतळी वाचली. तुमच्याच वहीप्रमाणे त्या दिवशी सगळ्यांना विसावा झालेला आहे. मग माझ्या वडिलांनी कुठली बिनविसाव्याची मेंढी पुढे केली?"

साहेबांनी वही बंद केली. चिडलेसुद्धा नाहीत, हेच मला जास्त झोंबलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "वही खरी धरू. मग विसावा झालेली मेंढी मेली कशी? आजारी होती. आजारी मेंढी पुढे करू नये, तेही कलम आहे. पत्रात तेवढा बदल करा." मग हसून म्हणाले, "तुम्हीच केलंय ना भाषांतर?"

कुठल्याही बाजूनं गेलं तरी सगळं आबांच्याच गळ्यात. कंपनीनं हात झटकायची प्रत्येक वाट कागदावर आधीच आखून ठेवली होती, आणि ती माझ्या नीटनेटक्या मराठीत होती. मी पत्र बदललं. राजीनामा मनात शंभरदा लिहिला. कागदावर आलं ते पत्रच.

पत्र मिळाल्यावर आबा विट्यावरून एसटीनं साताऱ्याला आले. धुतलेलं धोतर, पागोटं, पिशवीत बिल्ल्यांची सुतळी. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी ती टेबलावर ठेवली. "साहेब, तुमी माझ्या गावाला चला," ते म्हणाले. "पस्तीसाची आता चौतीस हायत. सगळी मिसळा. मी डोळं झाकून उभा ऱ्हातू. मग एकेक माझ्या म्होरं आणा, तिचा नंबर सांगतू. एक जरी चुकला तर म्हणाल तिथं सही करतू."

"आजोबा, तसं करायची गरज नाही," साहेब म्हणाले आणि सुतळी दोन बोटांनी बाजूला सारली. सॅनिटायझर घेतलं. "मी एकच विचारतो. त्या मेंढीला त्या दिवशी धरलं कुणी?"

मी मध्येच म्हणाले, "आबा, काय बोलू नका."

"धरली मीच," आबा म्हणाले. "माझ्या हातात हुती म्हणून उभी ऱ्हायली. दुसऱ्यानं धरली असती तर तिनं लाथ मारली असती."

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि पेन पुढे केलं.

मी आबांचा हात धरला. सही करू नका, हे खोटं आहे, आपण बघून घेऊ, तक्रार करू देत यांना, असं बरंच काही एका दमात बोलले. साहेबांसमोर, माझ्या नोकरीच्या जागेत. आबांनी माझा हात बाजूला केला. "पापणी बघितली हुती मी," ते म्हणाले. "बघून धरली. ह्यात खोटं काय हाय?" आणि एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली. जो खरा क्रूर, तो रक्त काढणारा बाहेर आवारात गाडी धुवत होता. आणि मेंढीचं दुःख त्या इमारतीत ज्या एकाच माणसाला होतं, त्यानं गुन्हा कबूल केला. मला साहेबांचा राग आला, त्या मिशाळाचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आबांचा आला.

स्टँडवर मी त्यांना चहा घेतला. गाडीला वेळ होता. मी अजून धुमसत होते. मी म्हणाले, "सही कशाला केलीत? त्या माणसाला काहीच झालं नाही."

"त्याचं त्याच्या कागदात आसंल की," आबा म्हणाले.

"त्याचा कुठला कागद?"

"तू ओट्यावर वाचून दाखवलंस तवाच मला इचारायचं हुतं," ते म्हणाले. "आमी काय करायचं ते समदं आलं. रगत काढणाऱ्यानं काय करायचं, ते आलंच न्हाई. मला वाटलं, ते पान तू वाचायचं ठेवलंस. आमच्या कामाचं न्हवतं म्हणून. तू हायस म्हणल्यावर ते आसणारच, म्हणून मी गप बसलू."

मी म्हणाले, "आबा, तसलं पानच न्हवतं. मी समदं वाचलं."

"न्हवतंच?"

"न्हवतं."

"आन तुला कवा कळलं?"

"करार मराठीत टाइप करताना," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. जतची गाडी फलाटाला लागली होती. दर वेळी गाडीत बसल्यावर ते खिडकीतून हात बाहेर काढतात आणि मी तो धरते. त्या दिवशी ते पलीकडच्या बाजूला बसले.